नावाला लागलेला इ

“आधी क्रियापदाला विचारा, कोणाला? उत्तर आलं की मगच पुढे चला.”

हे वाक्य वेहबी होजांच्या तोंडी बत्तीस वर्षं होतं. चायलिजा गावच्या शाळेत हे होजा, म्हणजे मास्तर, तुर्की शिकवत, आणि गावातल्या निम्म्या माणसांनी हे वाक्य बाकावर बसून ऐकलेलं होतं. होजा निवृत्त झाले, वाक्य झालं नाही. बाजारात कोणी घाईघाईने सांगायला लागला, “होजा, काल मारलं हो त्यानं!” की होजांचं बोट वर जायचं. “कोणाला?” समोरचा हसायचा, जरा ओशाळायचा आणि वाक्य पहिल्यापासून नीट म्हणायचा.

व्याकरणात त्यांचा जीव एकाच गोष्टीवर होता. मराठीत जिला द्वितीया म्हणतात, ती. तुर्कीत तिचा प्रत्यय एका स्वराचा. शब्दाच्या शेवटी इ लागतो, शेजारचा स्वर गोल असेल तर तोच उ होतो, बस एवढंच. पण हा इवलासा स्वर सगळ्याच कर्मांना लागत नाही, आणि कुठे लागतो, कुठे नाही, हे पोरांना उमगता उमगत नसे. त्यासाठी होजा टेबलावर पाच सफरचंदं मांडत. अमास्या गावाकडची, एका गालावर लाल. एखाद्या पोराला उभं करून म्हणत, “एल्मा गेतिर.” सफरचंद आण. पोर जाई आणि हाताला येईल ते घेऊन येई. मग म्हणत, “एल्मायी गेतिर.” ते सफरचंद आण. पोर पुन्हा जाई आणि पुन्हा हाताला येईल तेच उचली. होजा मान हलवत आणि दुसऱ्याला उभं करत. इतक्या वर्षांत टेबलापाशी जाऊन थांबलेली एकच मुलगी निघाली. सातवीतली. ती वळून म्हणाली, “होजा, कुठलं?”

“शाब्बास! थांबलीस ना? इ म्हणजे हेच. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असलेलं एकच सफरचंद. ठाऊक नसेल तर थांबायचं आणि विचारायचं.”

ती मुलगी म्हणजे निगार, रासिम उस्ता कल्हईवाल्याची थोरली. आठवीची परीक्षा तोंडावर असताना तिची आई गेली. घरात तीन वर्षांची बहीण, यासेमिन. निगारने वह्या फळीवर ठेवल्या आणि बहिणीला कडेवर घेतलं. त्यानंतर होजा तिला रस्त्यात भेटले की विचारायचे, “काय वाचतेस?” आणि ती म्हणायची, “चुलीवरचं दूध, होजा. नजर काढली की उतू जातं.” पुढे ती रुमालांवर ठसे उमटवायच्या कारखान्यात कामाला लागली. तिच्या बोटांच्या पेरांतला काळा रंग मग कधी गेला नाही.

होजांची एक जाड वही होती. गावात जो कोणी जे काही बोले, त्यातलं इ लागलेलं वाक्य कानावर पडलं की होजा ते वहीत उतरवत. खाटकाचं, मुल्लाचं, हमामात भांडणाऱ्या बायकांचं, दारूच्या नशेत रडणाऱ्याचं. वहीवर वही झाली, अशा नऊ झाल्या. या सवयीने त्यांचं एक झालं होतं. माणसं कशी बोलतात हे त्यांना गावात सगळ्यांत जास्त कळायचं, आणि काय बोलतात हे सगळ्यांत कमी. शेजारच्या बाईने रडत रडत सांगितलं की नवऱ्याने गाय विकली, तर होजा म्हणायचे, “‘गाय विकली’ म्हणालीस की ‘त्या गायीला विकलं’ म्हणालीस? पुन्हा म्हण बघू.” त्यांची बायको मुकद्देस हानम कपाळावर हात मारून घ्यायची.

तरी गावात त्यांचा मान मोठा होता. आमच्याकडे मुलाकडचे मुलगी मागायला जातात तेव्हा मागण्याचं वाक्य घरातला वडीलधारा म्हणतो. ज्याच्याकडे चांगला बोलणारा नसेल तो होजांना घेऊन जायचा. होजांनी अशा एक्केचाळीस मुली मागितल्या होत्या, आणि एकालाही नकार आला नव्हता. वाक्य सगळ्यांचं एकच. अल्लाहच्या आज्ञेने, पैगंबरांच्या शब्दाने, तुमच्या अमक्या लेकीला आमच्या तमक्यासाठी मागतो. पण होजा ते असं म्हणत की बायका डोळ्यांना पदर लावत. मुलीचं नाव आलं की ते क्षणभर थांबत, आणि मग तो शेवटचा इ हलकेच नावाला जोडत. खोलीतल्या सगळ्यांना वाटे की जगात मुलगी आहे ती हीच.

त्या वर्षी द्राक्षांचा रस आटवायचे दिवस होते. अंगणाअंगणात कढया धगधगत होत्या आणि माश्यांनी भिंती काळ्या झाल्या होत्या. मळेवाला हालिस आगा होजांच्या दारात आला. हात काकवीने चिकट, डोक्यावरची टोपी मनगटाने मागे सारत तो म्हणाला, “होजा, या गुरुवारी संध्याकाळी मोकळे आहात ना?”

“कोणासाठी?”

“आमच्या तुंजायसाठी. रासिम उस्तांच्या घरी जायचंय, मुलगी मागायला. बायकाबायकांचं बोलून झालंय, तिकडून होकाराचा वास आहे. तुमचं तोंड लागलं की काम फत्ते.”

होजांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तुंजाय पोस्टात कारकून होता, एकोणतीस-तीस वर्षांचा, शांत. शाळेत तो निगारच्याच वर्गात होता, खिडकीकडच्या रांगेत. वा, होजा मनात म्हणाले, पोरीचे दिवस उशिरा का होईना फिरले. थोरली घरात बसलेली असताना कोणी धाकटीला मागायला जातं ही गोष्ट त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. आमच्या गावात तसा रिवाजच नव्हता. आणि हालिस आगाने तर नुसतं ‘मुलगी’ म्हटलं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की तुंजाय दोन वर्षांपासून यासेमिनच्या शिवणवर्गावरून सायकल नेतो. मग नाव घ्यायची गरज काय?

मुकद्देस हानम आत कांदा चिरत होती. हालिस गेल्यावर ती बाहेर येऊन म्हणाली, “रासिम उस्तांना अवघड जाईल हो. थोरलीच्या समोर...”

“मला मुली मागायला शिकवू नकोस,” होजा म्हणाले. “बेचाळिसावी आहे ही.”

ती कांद्याकडे परत वळली. तिला वाटलं, यांना ठाऊक आहे. होजांच्या मनाला मात्र एक कुसळ लागलं होतं. थोरलीच्या समोर म्हणजे काय? विचारावं का? पण विचारायचं म्हणजे गावभर ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायचं. त्यांनी वही उघडली आणि ते कुसळ तिथंच राहू दिलं.

गुरुवारी सगळे गेले. हालिस आगा, त्याची बायको, हातात मिठाईची पेटी धरलेला तुंजाय, होजा आणि मुकद्देस हानम. रासिम उस्तांच्या बैठकीत कल्हई केलेली भांडी भिंतीवर चंद्रासारखी चमकत होती. हवापाणी झालं, द्राक्षांचं झालं. मग आतून पेल्यांची किणकिण ऐकू आली. मागितली जाणारी मुलगी कॉफी करते आणि स्वतः आणते, हे सगळ्यांना माहीत, म्हणून सगळे दाराकडे बघू लागले. होजांनीही पाहिलं. उंबऱ्यात यासेमिन तबक घेऊन उभी होती, आणि तिचे हात इतके थरथरत होते की पेले बश्यांवर नाचत होते. मागून निगार आली. “आण इकडे वेडाबाई, गालिचा पाजशील,” असं पुटपुटत तिने तबक घेतलं आणि वडीलधाऱ्यांना एकेक पेला दिला. होजांना दिला तेव्हा हळूच म्हणाली, “कमी साखरेची, होजा. विसरले नाही.”

यासेमिन उरलेला एक पेला घेऊन तुंजायकडे गेली तेव्हा होजांचे डोळे मिटलेले होते. ते वाक्य जुळवत होते. निगारने दिलेली कॉफी त्यांच्या जिभेवर होती.

त्यांनी पेला खाली ठेवला, घसा साफ केला.

“रासिम उस्ता,” होजा म्हणाले, “अल्लाहच्या आज्ञेने, पैगंबरांच्या शब्दाने, आम्ही तुमच्या लेकीला...” ते थांबले. नेहमीसारखे. “...निगारला, आमच्या मुलासाठी, तुंजायसाठी, मागतो.”

बाहेर कुठेतरी कढईखालचं लाकूड तडतडलं.

निगार दाराशी उभी होती, रिकामं तबक छातीशी धरून. होजा तिच्याकडेच बघत होते, कौतुकाने. म्हणून जे बाकी कोणी पाहिलं नाही ते त्यांनी पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तीस वर्षांची ती बाई एका श्वासापुरती सातवीतली मुलगी दिसली. तिची नजर तुंजायकडे गेली. तुंजाय यासेमिनकडे बघत होता. निगारने नजर खाली घेतली. तो श्वास संपला.

तुंजायचा रिकामा पेला उचलणाऱ्या यासेमिनच्या हातून बशी खाली पडली.

आणि निगार हसली. मोठ्याने, मोकळेपणी हसली. “बघा! होजांच्या हजेरीत अजून माझंच नाव पहिलं आहे! होजा, मी शाळा कधीच सोडली. आता हिची हजेरी घ्या.” तिने यासेमिनला खांद्याला धरून पुढे केलं.

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. हालिस आगाने मांडीवर थाप मारली. होजांनी वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं, बरोबर नावाने, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो शेवटचा इ गिळला. रासिम उस्ता म्हणाले, “अल्लाहने लिहिलं असेल तर आम्ही कोण?” मिठाईची पेटी फिरली. होजांनी आपला तुकडा बशीतच ठेवला.

घरी जाताना मुकद्देस हानम गल्लीच्या तोंडाशी म्हणाली, “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“जीभ घसरली.”

“बेचाळिसावी,” ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

इथेच हे थांबलं असतं तर गाव आठ दिवस हसलं असतं आणि विसरलं असतं. चूक कोणाकडूनही होते. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवारच्या नमाजानंतर होजा कहवाखान्यात गेले.

“ऐकतो ते खरं का होजा?” शाकिर न्हावी सोंगट्यांच्या पटावरून मान वर करून म्हणाला. “एका मुलासाठी दोन बायका मागितल्यात म्हणे! अहो, सरकारने ते कधीच बंद केलंय!”

कहवाखाना हसला. कोणी म्हणालं, “होजा, क्रियापदाला विचारलंत का, कोणाला?” आणि पुन्हा हसू उसळलं. हसणाऱ्यांतले अर्धे त्यांच्या हाताखालून गेलेले होते. ज्या बोटाने होजांनी त्यांना तीस वर्षं उभं केलं होतं, ते बोट आता त्यांच्याकडे वळलं होतं. होजांचे कान तापले. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“अरे, काय करू? कॉफी मागितलेली मुलगी आणते हा रिवाज. तबक घेऊन समोर थोरली उभी. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की नको?”

हसणं थांबलं. “हं,” कोणीतरी म्हणालं.

“म्हणजे थोरलीच पुढे झाली म्हणा की,” शाकिर म्हणाला.

होजांना ठाऊक होतं की तबक निगारच्या हातात कसं आलं. त्यांनी यासेमिनचे थरथरणारे हात पाहिले होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. त्यांनी चहाचा पेला उचलला आणि ओठांना लावला. चहा पिणारा माणूस बोलत नाही, आणि सगळ्यांनी त्या न बोलण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पटावर सोंगट्या पुन्हा वाजू लागल्या. चेष्टा होजांवरून उठून दुसरीकडे गेली. होजांना बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण त्यांना बरं वाटलं.

त्या एका वाक्याला गावात पाय फुटले. भट्टीवर भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांपर्यंत पोचेतो त्याचं झालं, निगारने बहिणीच्या हातातून तबक हिसकावलं. झऱ्यावर झालं, निगार आणि तुंजाय शाळेपासूनचे, तिने होजांना आधी सांगून ठेवलं होतं. कारखान्यात निगार आत आली की ठसे थांबायचे आणि ती बसली की पुन्हा सुरू व्हायचे. यासेमिनने बहीण शिवत असलेला साखरपुड्याचा झगा काढून घेऊन शिंप्याकडे टाकला. रासिम उस्ता कहवाखान्यात यायचे बंद झाले.

हे सगळं होजांना तीन आठवड्यांनी कळलं, कारण तोपर्यंत ते बाहेर फारसे पडलेच नव्हते. मुकद्देस हानम भट्टीवरून आली, भाकऱ्यांची टोपली दाणकन ठेवली आणि म्हणाली, “निगारला तुरहालला पाठवताहेत. आत्याकडे. उद्या सकाळच्या गाडीने. लग्न होईपर्यंत तोंड दाखवू नकोस म्हणाले रासिम उस्ता. ज्या पोरीने त्यांची चूल पेटती ठेवली, तिला!”

“का?”

तिने सांगितलं. मग त्यांच्याकडे बघत राहिली. “हिसकावलं म्हणे. मी त्या खोलीत होते, मी सांगते बायकांना की असं काही झालं नाही. त्या म्हणतात, अगं, तुझ्याच नवऱ्याने सांगितलंय.” ती थांबली. “तुम्ही सांगितलंत?”

होजा टोपलीकडे बघत राहिले. भाकऱ्यांची वाफ टोपलीतून वर येत होती. मुकद्देस हानमने पदर सावरला आणि ती आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती, त्या दिवशीही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

होजा वह्यांपाशी बसले. नऊ वह्या, हजारो वाक्यं. गाय, नदी, शेजारी, सासू, लांडगा, आणि प्रत्येकाच्या शेपटाला तो छोटासा इ. पानं उलटताना त्यांना वर्गातला एक दिवस आठवला. त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, दुर्सुनने इद्रिसला मारलं. निगारने हात वर केला होता. “होजा, ज्याला इ लागतो तो वाक्यात काहीच करत नाही का?”

“नाही. त्याच्यावर होतं. म्हणून तर तो कर्म.”

“मग त्याचं काय होतं ते कुठल्या वाक्यात येतं?”

वर्ग हसला होता. होजाही हसले होते आणि म्हणाले होते, ते व्याकरणात येत नाही, पोरी, खाली बस. ती खाली बसली होती.

इ म्हणजे बोट दाखवणं, एवढंच ते शिकवत आले होते. दाखवलेलं बोट कुठे जाऊन रुततं, हा प्रश्न बत्तीस वर्षांत एका पोरीने विचारला होता, आणि त्यांनी तिला बसवलं होतं. त्यांनी वही मिटली, कोट चढवला आणि कारखान्याकडे निघाले.

दुपारच्या नमाजाला तासभर होता. कारखान्यात बाकीच्या बाया जेवायला गेल्या होत्या. निगार एकटी लांब पाटावर वाकून पांढऱ्या कापडावर चेरीचा ठसा मारत होती. ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीने एक ठोका. ती वळली नाही. पावलं तिला ओळखू आली असावीत.

“निगार,” होजा म्हणाले. “माझी चूक झाली, पोरी.”

ठोका.

“त्या संध्याकाळी मी तुझं नाव घेतलं, कारण मी विचारलं नव्हतं. हालिसने मुलगी म्हटलं आणि मी मनाने ठरवून टाकलं. आणि मग कहवाखान्यात...”

“ठाऊक आहे मला कहवाखान्यात काय झालं ते.” तिने ठसा उचलून पुढच्या जागी ठेवला. “नाव चुकलं त्याचं मला काही वाटलं नाही, होजा. खोटं बोलते. वाटलं. एक क्षण वाटलं. ते तुम्ही पाहिलंत, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही पाहिलंत आणि तरी म्हणालात की मी पुढे झाले.”

“म्हणालो नाही, गप्प बसलो.”

तेव्हा ती वळली. हातातला ठसा तसाच वर होता आणि त्यातून रंग थेंबाथेंबाने जमिनीवर पडत होता. “शिकवलेलं विसरलात? अर्धं वाक्य तुम्ही सांगितलंत, क्रियापद लोकांनी लावलं.”

होजांना मान वर करता येईना. त्यांनी कोटाचं बटण धरून ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या हातात निघून आलं. “मला माफ कर. तुझे पाय...”

“नको! होजा, नको.” ती पहिल्यांदा घाबरल्यासारखी बोलली. “माझ्यासमोर का रडता? मला काय झालं ते माहीतच आहे. इथे चार भिंती ऐकताहेत. त्या काही कहवाखान्यात बसलेल्या नव्हत्या.” ती पुन्हा कापडावर वाकली. “जा आता. बाया येतील. तुम्हाला इथे बघितलं तर आणखी काहीतरी सुरू होईल.”

रासिम उस्तांचं दुकान तांबटांच्या गल्लीत. आत भात्याने निखारे लाल झाले होते आणि उस्ता एका घंगाळात उभे राहून पायांनी वाळू घासत होते, कल्हईआधी तांबं खरवडायला. होजांना बघून त्यांनी सलाम केला, पण पाय थांबवले नाहीत.

“उस्ता, चला माझ्याबरोबर. कहवाखान्यात.”

“तिथे बसायला मला तोंड राहिलं नाही, होजा.”

“तोंड मला राहिलं नाही. म्हणूनच चला.”

उस्ता थांबले. घंगाळाबाहेर आले, पाय धुतले, जोडे चढवले.

नमाज नुकताच संपला होता आणि कहवाखाना भरलेला होता. हालिस आगा खिडकीशी बसला होता. रासिम उस्तांना दारात बघून काही जण उगाचच चहा ढवळायला लागले. “या, या!” शाकिर ओरडला. “होजा, नवीन काही मागायला निघालात की काय?”

होजा बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली.

“तीन आठवड्यांपूर्वी इथे मी अर्धंच सांगितलं,” ते म्हणाले. “उरलेलं सांगायला आलोय. तबक यासेमिन घेऊन आली होती. तिचे हात थरथरत होते. पेले सांडतील म्हणून निगारने ते तिच्याकडून घेतलं. मी ते या डोळ्यांनी पाहिलं. हालिस, तूही पाहिलंस. निगार पुढे झाली नाही. मला कोणाला मागायचं ते ठाऊक नव्हतं आणि मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक नाही हे मला दाखवायचं नव्हतं. तुम्ही हसलात. मला ते सोसलं नाही. म्हणून मी ते हसणं तिच्यावर ढकललं.”

सोंगट्या थांबल्या होत्या.

“अहो होजा, जाऊ द्या,” हालिस आगा अवघडून म्हणाला. “माणूस आहे, होतं. बसा. अरे, होजांना चहा आण!”

“होतं खरं,” कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. “बायकांच्या गप्पा त्या, त्यात तुमचं काय एवढं?”

ते सगळे त्यांना सोडायला तयार होते. होजांना दिसत होतं की पुढे केलेला हात धरला आणि बसलं की झालं, अर्ध्या तासात कोणीतरी विनोद करील आणि तेही हसतील. होजांना सगळ्यात जास्त लाज त्या क्षणी वाटली.

“बायकांनी सुरू केलं नाही,” ते म्हणाले. “ते मी सुरू केलं. याच खुर्चीवरून. कोणी पुन्हा निगारचं नाव घेतलं तर सांगा, वेहबी खोटं बोलला होता.”

शाकिर पहिल्यांदाच न हसता बोलला. “माझ्या पुतण्याचं वसंतात करायचंय. मागायला तुम्हीच यायचं म्हणत होतो.”

“दुसरा कोणी बघ.”

रासिम उस्ता अजून दारातच उभे होते. गुडघ्यापर्यंत ओली विजार, नखांत कथील. त्यांनी होजांकडे बघितलं नाही. “तीन आठवडे,” ते म्हणाले, “मी माझ्या पोरीशी बोललो नाही. ती रोज ताट वाढून समोर ठेवते आणि मी भिंतीकडे बघून जेवतो.” मग जरा मोठ्याने, “शाकिर, तुझा भाऊ तुरहालची गाडी चालवतो ना? उद्याची एक जागा धरली होती. नको म्हणावं.”

होजांनी ते ऐकलं. त्यांच्यासाठी आलेला चहा टेबलावर वाफाळत होता. ते दाराकडे वळले. उस्तांनी बाजूला सरून वाट दिली. अंगाला अंग लागणार नाही अशा बेताने होजा बाहेर पडले.

बाहेर ऊन पडलं होतं. त्यांनी टोपी घातली नाही, हातातच ठेवली. घराकडचा चढ डावीकडे होता, ते उजवीकडे वळले, नदीच्या बाजूला, जिथे त्या वेळी कोणी जात नाही. पॉपलरच्या उंच झाडांची पिवळी पानं वाटेवर पडलेली होती आणि ते त्यांतून हळूहळू, पाय ओढत चालले होते. खिडकीतली माणसं थोडा वेळ बघत राहिली, मग एकेक जण चहाकडे वळला. रासिम उस्ता मात्र दारातून हलले नाहीत. होजांची पाठ झाडांत लहान लहान होत गेली. ती पार दिसेनाशी होईपर्यंत उस्ता बघत होते.